शेवटचा हंगाम

महाबळेश्वरचा पावसाळा पंचांगाप्रमाणे संपत नाही. घरांच्या भिंतींवरील झडी उतरू लागल्या, म्हणजे तो संपला असे समजावयाचे. मे महिन्याच्या अखेरीस गवताच्या जाड झडी बांबूंच्या आधाराने भिंतींना बांधतात. खिडक्यासुद्धा त्यांखाली झाकून जातात. मग चार महिने घरात भरदिवसा दिवा लावावा लागतो. दसऱ्याच्या सुमारास झडी सुटतात, भिजून काळे पडलेले गवत अंगणात येऊन पडते आणि कोंदट खोल्यांतून एकाएकी ऊन शिरते. अलीकडे पुष्कळ ठिकाणी गवताऐवजी प्लॅस्टिकचे कापड लावतात. ते लवकर बांधून होते खरे. पण वाऱ्याने रात्रभर फडफडते आणि घरातल्या माणसांना झोपू देत नाही.

पेठेच्या टोकाला, सिंदोळ्याच्या टेकडीकडे जाणाऱ्या वाटेवर, जांभ्या दगडाचे एक जुने घर आहे. वर पत्र्याचे छप्पर, पुढे ओटी आणि मागे एक थोराड जांभळीचे झाड. या घराच्या झडी चाळीस वर्षे एकाच गृहस्थांनी बांधल्या आणि सोडल्या. त्यांनी गावातल्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकविले होते. त्यामुळे सारे गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. त्या वर्षी गुरुजींनी शेवटची झड सोडली, सुतळ्या गुंडाळल्या. पण बांबू मात्र नेहमीप्रमाणे माळ्यावर चढविले नाहीत. ते त्यांनी मागच्या भिंतीला टेकवून ठेवले. ओटीवर बसलेल्या आजींनी ते पाहिले आणि काही विचारले नाही. हे घर विकावयाचे, असे त्या दोघांनी श्रावणातच ठरविले होते.

कारण पावसाचेच होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर उंचीवर वसलेल्या या गावी अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला सारा भार येथेच उतरवितात. पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरास तो साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. त्यातही जुलै महिन्याचा वाटा सर्वांत मोठा. तरुणपणी या पावसाचे कौतुक वाटते. साठी उलटल्यावर तो सांध्यांत शिरतो. आजींना दम्याचा विकार होता. त्या जुलैत एका रात्री त्यांना श्वास घेणे अवघड झाले आणि त्यांना वाईच्या दवाखान्यात न्यावे लागले. वाई तेथून तीस-बत्तीस किलोमीटरच. पण पाचगणी सोडून गाडी पसरणीच्या घाटात आली, तेव्हा धुक्यामुळे पुढचे चार हात दिसेनात. चालक खिडकीतून डोके बाहेर काढून रस्त्याची कड शोधीत होता. गुरुजी मागे आजींचा हात धरून बसले होते. तो घाट त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा ओलांडला असेल. पण एवढा लांब तो त्यांना कधीच वाटला नव्हता.

आजी बऱ्या झाल्या. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले, की यापुढचा पावसाळा त्यांनी दमट हवेत काढता कामा नये. गुरुजींचा मुलगा सांगलीस नोकरीस होता. "बाबा, तुम्ही दोघं इकडं या. वर एक खोली बांधून घेऊ," असे तो गेली तीन वर्षे म्हणत होता. आता नाही म्हणावयास कारण उरले नव्हते.

महाबळेश्वरात ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत पाहुण्यांची वर्दळ असते. येथील लोक त्याला 'सीझन' म्हणतात. या आठ महिन्यांवर वर्षाचे बारा महिने काढावयाचे असतात. घोडेवाला, टॅक्सीवाला, काठ्या आणि चपला विकणारा, स्ट्रॉबेरीचा बागवान, फुटाणेवाला, साऱ्यांची धावपळ एकाच वेळी. गुरुजींच्या घरीही नोकरीच्या तुटपुंज्या पगारास जोड म्हणून पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांस देत. मग घरातील माणसे मागच्या स्वयंपाकघरात राहत. मुलाने दहावीचा सारा अभ्यास चुलीजवळच्या कोनाड्यात दिवा ठेवून केला होता. पाहुणे सूर्योदय पाहावयास पहाटे निघत; आजी त्याआधी उठून त्यांच्यासाठी पाणी तापवीत. पाहुणे सूर्यास्त पाहून परतत. तेव्हा आजी त्यांच्यासाठी भाकरी थापीत असत. परगावची माणसे ज्या स्थळांची नावे पाठ करून येत, त्यांतली निम्मी आजींनी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. याचे त्यांना वाईटही वाटत नसे. जेथे आपण राहतो ते गाव पाहावयास जावयाचे असते, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

झडी उतरल्यावर दोन दिवसांनी आजी म्हणाल्या, "अहो, यंदा खोल्या नको द्यायला."

गुरुजींनी वर पाहिले.

"इतकी वर्षं दुसऱ्यांना हंगाम दाखवला. हा एक आपण बघू."

आणि खरोखरच त्या वर्षी पुढच्या खोल्यांत पाहुणे आले नाहीत.

पहिल्यांदा ते सिंदोळ्यावर गेले. महाबळेश्वरातील हे सर्वांत उंच ठिकाण. उंची १४३९ मीटर. १९२३ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन पॉइंट म्हणू लागले. जुने नाव सिंदोळा. घरापासून ही टेकडी दूर नव्हती, तरी आजींनी वाटेत तीनदा विसावा घेतला. वर पोचल्या तेव्हा पूर्वेकडच्या दऱ्या धुक्याने काठोकाठ भरल्या होत्या आणि डोंगरांचे माथे त्यांतून बेटांसारखे वर आले होते. सूर्य उगवताच ते धुके आधी गुलाबी, मग दुधासारखे पांढरे झाले. शेजारी मुंबईची काही मुले ओरडत होती, छायाचित्रे काढीत होती. आजी एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "यासाठी ही माणसं पहाटे चारला गरम पाणी मागायची होय! मग बरोबर होतं त्यांचं." चाळीस वर्षांची एक तक्रार तेथे मिटली.

मग त्यांना गोडी लागली. एके दिवशी वेण्णा तलावावर जाऊन आजी नावेत बसल्या. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी हा तलाव १८४२ साली बांधविला. नाव हलली तशी आजींनी एका हाताने गुरुजींची बाही धरली, ती काठ येईपर्यंत सोडली नाही; परंतु उतरल्यावर "फारच थोडा वेळ फिरवलं" असे त्याच म्हणाल्या. दुसऱ्या एका दिवशी ओळखीच्या एका बागवानाने त्यांना आपल्या शेतावर बोलाविले. पावसाळा सरता सरता गादीवाफ्यांवर लावलेली स्ट्रॉबेरीची रोपे आता फळांनी वाकली होती. या फळाला दुपारचे ऊन सोसत नाही, म्हणून ते भल्या पहाटे तोडतात. आणि तोडल्यावर ते आणखी पिकत नाही, म्हणून लाल झाल्यावाचून तोडून चालत नाही. इतके नाजूक पीक या तांबड्या मातीत आणि थंड हवेत असे रुजले, की २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. बागवान म्हणाला, "आजी, बाजारात जाते ती आदल्या दिवशीची. ही खा." आजींनी ती खाल्ली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाजारातली फळे त्या नेहमी दुधात साखर घालून खात असत. ह्या फळाला साखर लागली नाही.

परतताना त्यांनी मधाची एक बाटली घेतली. महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर सातेरी माशा मध गोळा करतात. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि त्या वर्षीचा मध दाट, गडद असतो. याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. गुरुजींच्या परसातल्या जांभळीवरही दर वर्षी माशांची झुंबड उडे, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत सारे घर गुणगुणत आहे असे वाटे.

इकडे घर विकावयाचे आहे ही बातमी पेठेत पसरली. महाबळेश्वरातले घर विकणे ही साधी गोष्ट नाही. येथले पुष्कळ जुने बंगले सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभे आहेत. तेथे घर आपले असले तरी भूमी आपली नसते. शिवाय २००१ साली केंद्र शासनाने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित केला आणि बांधकामावर व वृक्षतोडीवर निर्बंध आले. गुरुजींच्या घराची जमीन वडिलोपार्जित व मालकीची होती. कागद त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत मुलांच्या परीक्षेच्या पेपरांसारखे वर्षवार लावून ठेवले होते. त्यामुळे गिऱ्हाईक येण्यास वेळ लागला नाही.

पहिले गृहस्थ पुण्याहून आले. ते सभ्य होते, आदराने बोलले आणि त्यांनी जी किंमत सांगितली ती ऐकून गुरुजींना क्षणभर आपण चुकीचे ऐकले असे वाटले. त्यांना येथे प्रवाशांसाठी निवासगृह करावयाचे होते. "नियमात बसेल तेवढंच बांधणार," असे त्यांनी आपण होऊन सांगितले. गुरुजींनी त्यांना सारे घर दाखविले. नैऋत्येच्या कोपऱ्यात जुलैमध्ये पाणी झिरपते, हेही सांगितले. गृहस्थ हसून म्हणाले, "ते जाऊ द्या. घर तर पाडायचंच आहे." मग ते मागच्या दाराने परसात गेले आणि आपल्या पावलांनी जागेची लांबी मोजू लागले. मोजता मोजता जांभळीपाशी येऊन ते थांबले व तिच्याकडे वर पाहत राहिले. त्यांनी काही म्हटले नाही. आजी दारातून पाहत होत्या.

दुसरे गिऱ्हाईक गावातलेच होते. पेठेत फुटाणे आणि चिक्की विकणारा हा तरुण एके काळी गुरुजींच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. दुकानामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत तो बायको, दोन मुले आणि म्हाताऱ्या आईसह राहत होता. तो आला तो चपला बाहेर काढून, ओटीच्या कडेला टेकला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "गुरुजी, पावसाळ्यात पाणी कुठनं येतं?"

गुरुजींनी त्याला नैऋत्येचा कोपरा दाखविला. त्याने भिंतीवर हात फिरविला, पत्र्याची वळचण पाहिली, आढे कोणत्या लाकडाचे आहे ते विचारले, उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येते ते विचारले. घराचे एकही व्यंग त्याने सोडले नाही. आणि मग खाली मान घालून त्याने जी किंमत सांगितली, ती पुण्याच्या गृहस्थांच्या किमतीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश होती. त्यातूनही कोपऱ्याच्या डागडुजीचा खर्च त्याने वजा केला होता.

तो गेल्यावर गुरुजी म्हणाले, "वजाबाकी मीच शिकवली याला."

"चांगली आलीय," आजी म्हणाल्या.

हे जितके हसण्यावारी गेले, तितका प्रश्न सोपा नव्हता. रात्री मुलाशी फोनवर बोलणे झाले. तो समंजस होता, पण संसारी माणूस होता. सांगलीच्या घरावर मजला चढवावयाचा होता, मुलीचे पुढचे शिक्षण होते. "बाबा, घर विकल्यावर तिथं कोण काय करतो हा आपला प्रश्न राहत नाही," तो म्हणाला. यात खोटे काहीच नव्हते. गुरुजींनी "पाहू" एवढेच म्हटले. पुण्याच्या गृहस्थांनी महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितले होते, आणि फुटाणेवाल्याचे कर्ज बँकेने अजून मंजूर केले नव्हते. एकाला नाही म्हणावे आणि दुसऱ्याचे पैसे उभे राहू नयेत, म्हणजे दोन्हीकडून हात रिकामे. गुरुजींना त्या दिवसांत रात्री झोप नीट येईना.

नाताळच्या सुट्टीत नात आली. ती सातवीत होती. तिला घर विकणार हे कळले होते आणि आल्याबरोबर ती जांभळीखाली जाऊन बसली. कुणाशी बोलेना. तिसऱ्या दिवशी गुरुजी तिला घेऊन लॉडविक पॉइंटला गेले. तेथे त्यांनी तिला जुनी हकीकत सांगितली. १८२४ साली जनरल लॉडविक हा अधिकारी या डोंगरावर चढून आला, आणि येथील थंड हवेचा बोभाटा इंग्रजांत झाला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना ही जागा आवडली. जागा होती साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या राज्यात. १८२९ साली तह झाला. महाराजांनी महाबळेश्वर इंग्रजांना दिले आणि त्याच्या मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा हे गाव घेतले. (बोरघाटातले खंडाळा ते निराळे.) नवी पेठ वसली, तिला माल्कम पेठ असे नाव पडले. पुढे १८३९ साली त्याच महाराजांना इंग्रजांनी पदच्युत केले आणि १८४८ साली साताऱ्याचे राज्यच खालसा झाले.

"म्हणजे आजोबा, सगळं गावच बदलून घेतलं?" नातीने विचारले.

"हो."

"आणि गावातल्या माणसांना कुणी विचारलं होतं का?"

गुरुजींनी हा धडा कितीतरी वर्षे शिकविला होता. १८२४, १८२९, १८३९ ही साले मुलांकडून घोकून घेतली होती. हा प्रश्न मात्र त्यांना एकाही मुलाने विचारला नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. ते म्हणाले, "तहात तसा रकाना नसतो." परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिघेही क्षेत्र महाबळेश्वरास गेले. पेठेपासून हे ठिकाण सुमारे सहा किलोमीटरवर आहे. तेथील पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. दगडी गोमुखातून अखंड पाण्याची धार कुंडात पडत असते. सांगलीच्या मुलांना कृष्णा ओळखीची असते. पण ती निराळी. तेथे पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले, हे लहान मुलेसुद्धा सांगतात. चाळीस फूट ही इशाऱ्याची पातळी आणि पंचेचाळीस फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेला महापूर नातीने लहानपणी पाहिला होता. तिच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरात पाणी शिरले होते. तिच्या स्वतःच्या घराची तळमजल्याची खोली पाण्यात गेली होती, आणि भिंतीवरची ती मळकट रेघ तिच्या बाबांनी रंग देताना मुद्दाम एका कोपऱ्यात राखून ठेवली होती.

नातीने गोमुखाखाली ओंजळ धरली. ओंजळ भरली आणि पाणी बोटांतून निसटून गेले.

"हीच ती?" तिने विचारले.

"हीच," गुरुजी म्हणाले. "वाटेत माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते. मग तुमच्याकडं येते. हरिपूरला वारणा येऊन मिळते. पुढं पार बंगालच्या उपसागरापर्यंत."

"एवढीशीच?"

"इथं एवढीशीच."

तेथून ते आर्थर सीटला गेले. कड्याच्या एका अंगास सावित्रीचे खोल खोरे, दुसऱ्या अंगास कृष्णेच्या बाजूचे जोरचे खोरे. आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एके काळी या एकाकी ठिकाणी घर बांधले होते, म्हणून त्याचे नाव या जागेला मिळाले. सावित्री येथून पश्चिमेस उतरते आणि बाणकोटपाशी अरबी समुद्रास मिळते. कृष्णा पूर्वेची वाट धरते. या माथ्यावर काही पावलांच्या अंतराने पडलेले पावसाचे दोन थेंब दोन निरनिराळ्या समुद्रांना जातात. आजींना हे नवीन होते. त्यांनी बराच वेळ दोन्हीकडे पाहिले आणि विचारले, "मग आपल्या पत्र्यावरचं कुठं जात असेल हो?" गुरुजी भूगोलाचे शिक्षक; तरी त्यांना ते सांगता आले नाही. नात मात्र त्या दिवसापासून पुन्हा बोलू लागली.

त्या रात्री आजींनी जमाखर्चाची वही काढली. सांगलीच्या खोलीचा अंदाजी खर्च त्यांनी एका बाजूस लिहिला, औषधांचा लिहिला, नातीच्या शिक्षणासाठी एक रक्कम लिहिली. गुरुजींचे निवृत्तिवेतन होतेच. फुटाणेवाल्याच्या किमतीत हे सारे बसत होते. वर फार उरत नव्हते. पुण्याच्या किमतीत सारे बसून आणखी पुष्कळ उरत होते. आजींनी वही गुरुजींपुढे सरकवली.

"उरलेल्याचं काय करायचं, ते तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी आकडे दोनदा तपासले. मग त्यांनी पुण्याच्या गृहस्थांना पत्र लिहिले. फोनवर नाही म्हणणे त्यांना बरे वाटले नाही. आपल्या सौजन्याबद्दल आभारी आहोत, परंतु घर राहावयास मागणारा एक मनुष्य भेटला आहे, एवढाच मजकूर होता. गृहस्थांचे उत्तर आठवड्याने आले. त्यांनी कसलाही राग न धरता शुभेच्छा कळविल्या होत्या, आणि कर्जाचे न जमल्यास आपल्याला अवश्य कळवावे असे शेवटी लिहिले होते. मुलगा मात्र रुसला. पंधरा दिवस त्याचा फोन आला तो आईसाठी. बाबांशी बोलणे दोन वाक्यांवर आटपत असे. गुरुजींना ते लागले. त्यांनी त्याला समजावण्याचा प्रयत्न केला नाही, कारण मुलाचे म्हणणे चूक आहे असे त्यांना वाटत नव्हते.

बँकेचे कर्ज फेब्रुवारीच्या अखेरीस मंजूर झाले, तेही मागितले त्याहून कमी. उरलेली रक्कम दोन हंगामांत फेडावी असे ठरले. त्याचा कागद करावयाचा असा फुटाणेवाल्याचाच आग्रह होता. एप्रिलमध्ये सारे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेले. खरेदीखत वाचून दाखविण्यात आले. चतुःसीमा वाचताना पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा असे शब्द आले, तेव्हा आजींनी डोळे मिटून घेतले. अंगठ्यांचे ठसे झाले, छायाचित्रे झाली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. चाळीस वर्षांच्या घराला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर फुटाणेवाल्याने साऱ्यांच्या हातांत गरम फुटाण्यांची एकेक पुडी ठेवली. पेढे आणावयास तो विसरला होता.

ताबा मे महिन्याच्या अखेरीस द्यावयाचा होता. त्या महिन्यात मुलगा स्वतः सामान न्यावयास आला. लहानपणी ज्या कोनाड्यात त्याने अभ्यास केला होता, त्यात त्याने हात घालून पाहिले. आत काजळीचा थर अजून होता. बोटाला लागलेली काजळी पुसत तो परसात गेला. जांभळीखाली पिकलेल्या जांभळांचा सडा पडला होता आणि फुटाणेवाल्याची दोन्ही मुले तोंडे जांभळी करून वेचीत होती. त्यांनी एक मूठ त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली. त्या रात्री तो वडिलांच्या शेजारी ओटीवर उशिरापर्यंत बसला होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी भिंतीला टेकवलेले बांबू काढले. गवत आणून ठेवलेले होतेच. फुटाणेवाला म्हणाला, "गुरुजी, मी प्लॅस्टिकच लावणार होतो."

"तुझ्या आईला झोप येणार नाही," गुरुजी म्हणाले. "वर चढ."

दुपारभर ते खाली उभे राहून सांगत होते. गवताची मुळे वर, शेंडे खाली. म्हणजे पाणी ओघळून जाते. एक थर दुसऱ्यावर हातभर चढवावयाचा. सुतळीची गाठ आतल्या अंगाला. नैऋत्येच्या कोपऱ्यात तीन थर. मुलगा बांबू धरून उभा होता आणि नात सुतळी कापून देत होती. शेवटची खिडकी झाकली गेली तेव्हा घरात अंधार झाला, आणि आजींनी सवयीने दिवा लावला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीस रात्रीच्या वेळी फोन वाजला. महाबळेश्वरात चार दिवस संततधार लागली होती. पत्र्यावरचा आवाज फोनमधूनही ऐकू येत होता.

"कोपऱ्यात पाणी आलं का रे?" गुरुजींनी आधी विचारले.

"थोडं आलंय. पण आईला झोप लागतीय," पलीकडून उत्तर आले. "गुरुजी, तुमच्याकडं पुलाखाली पाणी किती हाय?"

गुरुजींनी नातीकडे पाहिले. तिने हाताची बोटे वर करून सांगितले.

"बावीस फूट," गुरुजी म्हणाले. "आणि तिकडचं अजून यायचंय."